भाड्याचे यंत्र, स्वतःचे शरीर

श्रावणाचा दुसरा पंधरवडा सुरू झाला की आमच्या तालुक्याच्या गावात सकाळपासून एक ओळखीची घरघर ऐकू येऊ लागते. गणपतीसाठी चाकरमानी गावी यायचे असतात. अडीच महिन्यांच्या पावसाने पाखाडीवर, खळ्यात, गडग्यांच्या कडेने कमरेइतके गवत माजलेले असते. पूर्वी ही साफसफाई चार-सहा गडी कोयत्या-विळ्यांनी करीत. आता गडी सहज मिळत नाहीत, आणि मिळाले तरी गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एकाच घरासाठी त्यांना वेळ नसतो. मग ज्याला आपण सर्वजण ‘ग्रासकटर’ म्हणतो, ते पेट्रोलवर चालणारे यंत्र भाड्याने आणले जाते. बाजारातील अवजारांच्या दुकानात ते दिवसाच्या बोलीने मिळते. काही ठिकाणी शेतकरी गटाच्या अवजारे बँकेतूनही मिळते.

याच आठवड्यात माझ्या दवाखान्यातील गर्दीचे स्वरूपही बदलते. डोळ्यात कचरा उडालेले, पाठ धरलेले, खांद्यातून कळ येणारे, नडगी फुटलेले असे रुग्ण येऊ लागतात. त्यांत तरुणही असतात. पण साठी ओलांडलेल्या, नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेल्या गृहस्थांची संख्या दरवर्षी वाढते आहे. या वेळचा लेख त्यांच्यासाठी, आणि घरातून काळजीने त्यांच्याकडे पाहणाऱ्यांसाठी आहे.

माझी चूक

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, वय ६९, गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता, आणि ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल अशा दोन्ही गोळ्या चालू होत्या. रक्तदाब तपासायला ते पत्नीसह आले होते. उठता उठता काकू म्हणाल्या, “डॉक्टर, हे गवत कापायचं मशीन भाड्याने आणणार म्हणतात. तुम्हीच सांगा यांना.” मी चिठ्ठी लिहीत होतो. मान वर न करताच म्हणालो, “अण्णा, आता हे तुमचं वय नाही. माणूस लावा.” अण्णा हसले, “बरं” म्हणाले, आणि गेले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते लंगडत आले. सकाळी नऊच्या सुमारास पात्याखालून उडालेला चिऱ्याचा तुकडा नडगीवर बसला होता. जखम जेमतेम बोटाच्या पेराएवढी. परंतु रक्त थांबत नव्हते आणि पोटरी दगडासारखी टणक झाली होती. पायाच्या बोटांना मुंग्या येत होत्या. आत रक्त साचून स्नायूंवर दाब वाढत असल्याची ती लक्षणे होती. अशा वेळी काही तासांचा उशीरही पायाला महागात पडतो, म्हणून त्यांना लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. पाय वाचला. मात्र त्या वर्षी गणपती घरात असताना अण्णा उशीवर पाय ठेवून ओटीवर पडून होते.

पुढे मलमपट्टीसाठी आले तेव्हा मी विचारले, “सकाळी लागलं, मग संध्याकाळपर्यंत थांबलात कशाला?” ते म्हणाले, “काकूला मी घसरून पडलो असं सांगितलं होतं. तुम्ही नाही म्हणाला होतात. कोणत्या तोंडाने येणार?”

हे उत्तर ऐकून मी गप्प झालो. माझ्या ‘नाही’ने अपघात टळला नव्हता, फक्त उपचाराला नऊ तास उशीर झाला होता. त्यांना हे काम स्वतः का करायचे आहे, हे मी विचारलेच नव्हते. चार वर्षांनी मुलगा, सून आणि नातवंडे येणार होती. त्या पाखाडीवरून मूर्ती डोक्यावर घेऊन येतात. वडिलांच्या वेळेपासून ती वाट घरचा माणूस साफ करीत आला होता. हे तेव्हा कळले असते, तर मी निदान गमबूट आणि नडगीच्या संरक्षणाविषयी दोन शब्द बोललो असतो. त्या दोन शब्दांनी कदाचित तो पाय वाचला असता.

चाळीस मिनिटांचा अनुभव

त्यानंतरच्या एका सुट्टीत मी स्वतः तसेच यंत्र भाड्याने आणून आमच्या परड्यातील गवत कापले. माझे वय तेव्हा पन्नाशीच्या थोडे पुढे, कोणतीही गोळी चालू नाही. चाळीस मिनिटांनी यंत्र खाली ठेवले तेव्हा बोटे बधिर होती, कानांत शिट्टी वाजत होती, आणि रात्री चहाचा कप उचलताना हात थरथरत होता. शरीराला नेमके काय सोसावे लागते, हे त्या दिवशी मला पुस्तकाबाहेर कळले.

पहिली गोष्ट वजनाची. हे यंत्र साधारण ७ ते ११ किलोंचे असते. तेवढे वजन नातवाचेही असते, असे आपल्याला वाटते. परंतु यंत्र खांद्याला अडकवून, हात एकाच स्थितीत ताणून, कमरेतून डावीकडे-उजवीकडे वळत राहावे लागते. स्नायू आवळून धरलेल्या अशा श्रमात रक्तदाब चालण्याच्या व्यायामापेक्षा अधिक चढतो. रोज सकाळी तीन किलोमीटर चालणाऱ्या माणसालाही ‘मला श्रमाची सवय आहे’ असे म्हणता येत नाही. ती सवय पायांची असते.

दुसरी गोष्ट दोरीची. इंजिन सुरू करण्यासाठी दोरीला हिसका द्यावा लागतो. पहिल्या प्रयत्नात ते सुरू झाले नाही तर माणूस चिडून, श्वास रोखून, दहा-पंधरा हिसके देतो. श्वास रोखून जोर लावला की पोटातील दाब आणि रक्तदाब दोन्ही एकदम वाढतात. जुना हर्निया यातच उतरतो. वयानुसार झिजलेला खांद्याचा स्नायुबंध यातच तुटतो. तीन हिसक्यांत यंत्र सुरू झाले नाही तर ते दुकानदाराला परत द्यावे, हा माझा साधा नियम आहे.

तिसरी गोष्ट कंपने आणि आवाज यांची. सतत कंप पावणारी मूठ घट्ट धरल्याने बोटांतील बारीक रक्तवाहिन्या व नसा यांवर ताण येतो. मधुमेहामुळे आधीच हातांना मुंग्या येणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो आणि उशिरा जातो. आवाजाविषयीचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तास सोसण्यापर्यंतची मर्यादा सामान्यतः सांगितली जाते. त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. पेट्रोल इंजिनाचे यंत्र चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज बहुधा याच टप्प्यात असतो. कानाचे यंत्र वापरणाऱ्यांनी ते काढून ठेवून त्याऐवजी कान झाकणारे जाड कर्णरक्षक घालावेत. कानाचे यंत्र लावल्याने कानांचे रक्षण होत नाही.

गोळ्यांची पिशवी आधी पाहा

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या औषधांची पिशवी उघडून पाहावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

रक्त पातळ ठेवणारी औषधे, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा त्या प्रकारची नवी औषधे चालू असतील, तर लहान जखमही मोठी समजावी. डोक्याला मार लागला आणि त्या क्षणी काहीच वाटले नाही, तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवावे. कारण मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही तासांनीही लक्षणे दाखवू शकतो. मात्र ‘उद्या गवत कापायचे आहे म्हणून आजची गोळी नको’ असे कोणीही करू नये. स्टेंट असलेल्या माणसाने स्वतःहून गोळी बंद करणे यंत्रापेक्षा अधिक धोक्याचे आहे.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर श्रमातही नाडी फारशी वाढत नाही. त्यामुळे ‘माझे ठोके तर साधेच आहेत’ हा दिलासा फसवा ठरतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे घामाबरोबर पाणी व क्षार लवकर कमी होतात. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे वाकून उठताना भोवळ येऊ शकते. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर श्रमाच्या वेळीच नव्हे, तर नंतर काही तासांनीही उतरू शकते. म्हणून दुपारचे जेवण टाळू नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. सर्दीची किंवा खाजेची गोळी घेऊन झापड येत असेल तर त्या दिवशी यंत्राला हात लावू नये.

पेसमेकर बसवलेल्यांनी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पेट्रोल इंजिन अंगाला अडकवू नये. इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा छातीच्या फार जवळ आली तर पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, बायपास, पक्षाघात, हर्नियाची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

दुकानदाराला काय विचारावे

भाड्याचे यंत्र अनेक हातांतून गेलेले असते. दुकानदार ते सुरू करून दाखवतो, बंद कसे करायचे हे आपण विचारतच नाही. म्हणून दुकानातच पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात.

बंद करण्याची कळ कोठे आहे आणि ती चालते का? ॲक्सिलरेटर सोडल्यावर पाते फिरायचे थांबते का? पात्यामागील ढाल जागेवर आहे का? ही ढाल गवत अडकते म्हणून अनेकदा काढून टाकलेली असते, आणि अण्णांच्या यंत्रालाही ती नव्हती. खांद्याचा पट्टा आपल्या उंचीला जुळतो का? धातूच्या पात्याऐवजी नायलॉनची तार लावून मिळेल का? दगड-चिऱ्यांच्या कडेला तार अधिक बरी. धातूचे पाते दगडावर किंवा बुंध्यावर आदळले की संपूर्ण यंत्र झटक्याने बाजूला फेकले जाते. अर्थात तारेनेही खडे उडतात, म्हणून डोळ्यांना बंद गॉगल आणि चेहऱ्यावर जाळी हवीच. रोजचा चष्मा हे संरक्षण नव्हे.

काम चालू असता १५ मीटरच्या आत दुसरे कोणी असू नये. पाणी द्यायला, जेवायला बोलवायला घरचे माणूस मागून येते आणि यंत्र चालवणारा आवाजाच्या दिशेने वळतो. असा एक अपघात मी स्वतः टाके घालून निस्तरला आहे. बोलवायचे असेल तर समोरून, लांबून हात करावा.

पेट्रोल भरण्यापूर्वी इंजिन दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावे आणि हे काम उघड्यावर करावे. पाऊस आला म्हणून बंद पडवीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवून दुरुस्ती करीत बसू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

झाडांसाठी खड्डे खोदण्याचे यंत्र आणि पॉवर विडर हीदेखील आता भाड्याने मिळतात. जांभ्या दगडात खड्ड्याचे पाते अडकले की मूठच उलटी फिरते आणि मनगट किंवा खांदा पिरगळतो. विडर मागे घेताना पाय घसरला तर तो थेट पायावर येतो. ही दोन यंत्रे आणि लाकूड कापण्याची साखळी करवत साठीनंतर नव्याने शिकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यातील गवत

आपल्याकडे हे काम नेमके ओल्या दिवसांत येते. उंच गवतात घोणस, फुरसे, नाग, मण्यार यांपैकी काहीही असू शकते. कापण्यापूर्वी लांब काठीने गवत हलवावे आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, वर घट्ट दोरी बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव हलू न देता रुग्णाला सर्पविषाची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावा.

ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात उंदीर-गुरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. ते जखमेतून शरीरात शिरतात. पायाला भेगा किंवा जखम असेल तर काम टाळावे. साफसफाईनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले तर डॉक्टरांना ‘मी गवत कापले होते’ हे आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने निदान लवकर होते. धनुर्वाताच्या लसीला दहा वर्षे झाली असतील तर ती कामापूर्वीच घ्यावी. मातीने माखलेली जखम झाली आणि लसीला पाच वर्षे उलटून गेली असतील तरीही डोस घ्यावा लागतो.

किती वेळ, आणि केव्हा थांबावे

प्रकृती ठीक असणाऱ्यांनीही पंधरा-वीस मिनिटे काम आणि तेवढीच विश्रांती असा क्रम ठेवावा. पहिल्या दिवशी एकूण एका तासापेक्षा अधिक काम करू नये. भाडे दिवसाचे आहे म्हणून सगळे गवत आजच संपवायचे, या हिशेबाने बरेच अपघात होतात. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता प्रत्येक विश्रांतीत पाणी प्यावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, त्यांनी तेच पाळावे.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा अधिक धाप, थंड घाम, भोवळ यांपैकी काहीही जाणवले तर यंत्र जागेवर बंद करून बसावे आणि हाक मारावी. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नये. दुसऱ्या दिवशी अंग दुखणे स्वाभाविक आहे. परंतु लघवी काळ्या चहासारखी होणे स्वाभाविक नाही. अतिश्रमाने स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडावर ताण आल्याचे ते लक्षण असू शकते.

घरातील माणसांसाठी

काळजी घेणाऱ्या मुलांना, सुनांना आणि पत्नींना मला एवढेच सांगायचे आहे की, फोनवरून ‘बाबा, तुम्ही काही करायचं नाही’ असे बजावल्याने काम थांबत नाही, ते लपून होते. ज्या माणसाने आयुष्यभर घर सावरले, त्याला खुर्चीत बसवून ठेवणे हेही त्याच्या प्रकृतीला मानवत नाही. कामातील कोणता भाग त्यांच्या मनाला जवळचा आहे ते विचारावे, तो त्यांच्याकडे ठेवावा, आणि उरलेला दुसऱ्याच्या हाती द्यावा. यंत्र भाड्याने घेता येते तसा ते चालवणारा माणूसही बहुतेक दुकानांतून मिळतो. मजुरीचे चार पैसे अधिक जातील. ते पैसे मुलांनी, न मागता, आधीच पाठवावेत. पुष्कळ वडील केवळ मुलांकडे मागायला नको म्हणून स्वतः यंत्र उचलतात.

अण्णा आता ७२ वर्षांचे आहेत. गेल्या आठवड्यात ते रक्तदाब दाखवायला आले, आणि या वेळी विषय मीच काढला. दुकानातील मुलगा यंत्र घेऊन शुक्रवारी येणार आहे. आदल्या दिवशी अण्णा काठी घेऊन पाखाडीवर फिरतील, सुटे दगड, काचा, तारा दिसतील तेथे चुन्याची खूण करतील आणि नातवाकडून ते उचलून घेतील. काम चालू असता ते वरच्या गडग्याशी उभे राहून कोणी जवळ येत नाही ना हे पाहतील, आणि दर अर्ध्या तासाने त्या मुलालाही पाणी प्यायला थांबवतील.

“पण वरच्या दहा पायऱ्या मी विळ्याने काढणार,” ते म्हणाले. “त्या मी कोणाला देणार नाही.”

काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी या खेपेस चिठ्ठी बाजूला ठेवली आणि विचारले, “बसायला पाट घेणार ना? आणि पायांत काय घालणार?”

“गमबूट,” अण्णा म्हणाले. “मागच्याच आठवड्यात आणले.”